दारमीखालचं नाव

अबू अल-खसीब, बसरा
शनिवार, २ मार्च २०२४

मुहन्नद यास,

सलाम. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुझी खुशाली अल्लाकडे मागतो. पत्राचा पहिला धडा शाळेत असाच शिकवला होता आणि मीही आता पोरांना तसाच शिकवते, म्हणून तेवढं नियमाप्रमाणे लिहिलं. पुढचं माझ्या मनाप्रमाणे.

हे पत्र हाजी काजिमच्या धाकट्या मुलीकडे देते आहे. ती परवा स्वीडनला, तुझ्या माल्मोला परत निघाली आहे. तुझ्या दारात जाऊन ते तुझ्याच हातात द्यायचं आणि तू फोडून वाचेपर्यंत हलायचं नाही, असं मी तिला बजावलं आहे. पोरगी लाजाळू आहे पण हट्टी आहे, तेव्हा तिला निदान चहा दे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज मला करायचा नाही, कारण मेसेजला तू तो पिवळा अंगठा दाखवतोस आणि मोकळा होतोस. मागच्या ईदला आईने रडत रडत एवढं बोलून तुला आवाज पाठवला, त्यावरही तुझा अंगठाच आला. आई मला विचारत होती, हा अंगठा दाखवतोय म्हणजे तो येतोय का गं? मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी म्हणतोय.

घरची हकीकत अशी. कालव्याकडची खजुराची सगळी रांग गेली. समुद्राचं पाणी नदीत इतकं वर चढतं की झाडं उभ्या उभ्या मरतात, आणि तोडायला माणूस बोलावला तर तोही म्हणतो, बाई, याचा सरपणालासुद्धा उपयोग नाही. नळाला पाणी येतं, पण त्याचा चहा केला तर मीठ वेगळं घालावं लागत नाही. मुतशरकाकांनी नवे दात बसवले. ते बोलताना शिट्टी वाजते. रमजान आठवड्यावर आला आणि मुहैबिसच्या खेळात आपल्या मोहल्ल्याचे कप्तान तेच. समोरच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून ‘अंगठी तुझ्याच मुठीत आहे’ म्हणायला गेले आणि शिट्टी वाजली तर रांगच्या रांग हसेल, म्हणून ते सध्या आरशासमोर बसून सराव करतात. काकूने मला चोरून दाखवलं.

मुहैबिसवरून आठवलं. खरं म्हणजे आठवायचं कारण नव्हतं, मी विसरलेच नव्हते. शेजारच्या उम्म नजाहच्या जुन्या फोनवर आपला गेम अजून आहे. परवा तिच्याकडे बसले होते तेव्हा सहज उघडून पाहिला. सुरुवातीला माझंच वाक्य येतं: दोन मोहल्ले समोरासमोर बसले आहेत, एकाच्या मुठीत अंगठी आहे, चेहरे वाच आणि मूठ ओळख. मग तू काढलेले चेहरे एकेक करून मान वर करतात. काकांच्या त्या झाडूसारख्या भुवया, मासेवाला अबू फलाह, त्याच्या शेजारी डोळे मिटलेला मशिदीचा मुअज्जिन. किती हुबेहूब काढले होतेस रे. दुकानांच्या पाट्या रंगवून उरलेल्या वेळात तू ते काढायचास, आणि थामिर कपड्याच्या दुकानातून सुटला की ऊद घेऊन अंगणात यायचा आणि तारा जुळवत बसायचा. मी वह्या तपासून झाल्या की दारमी रचायची. दोनच ओळी, बाईला जन्मभर जे बोलता येत नाही ते दोन ओळींत म्हणायचं आणि पुन्हा चुलीकडे वळायचं. आणि आपल्या तिघांच्या मध्ये आई भेंडी निवडत बसायची, पहारेकरी म्हणून. माझं लग्न त्याच्याशी ठरलं असलं तरी थामिर परकाच, असं तिचं म्हणणं. शेवटी ते खरंच ठरलं म्हणा.

अंगठी सापडली की त्याचा ऊद वाजतो आणि माझी दारमी येते. तो ऊद ऐकून मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्याहून वाईट वाटलं ते दारमी संपल्यावर खाली जी मोकळी जागा येते तिचं. तिथे आधी माझं नाव होतं.

आता एक गंमत सांगते. आईच्या गुडघ्यांसाठी हल्ली आम्हाला बसऱ्याच्या मोठ्या इस्पितळात जावं लागतं. परवा जाताना पुढे एक टॅक्सी होती, तिच्या मागच्या काचेवर लिहिलेलं:

माझ्या दाराशी गं नदी, ओठ तरीही कोरडे;
खाऱ्या पाण्याचा सोयरा, तहान वाढवून सोडे.

मी आपली बघतच राहिले. इस्पितळात सुई टोचणारी परिचारिका तेच गुणगुणत होती. मी तिला म्हटलं, “हे माझं आहे.”

ती म्हणाली, “काय, मावशी?”

“ही दारमी. मी रचली आहे.”

ती इतकं गोड हसली की तिचा रागही येईना. म्हणाली, “अगं मावशी, ही माझ्या आजीच्या वेळची आहे. आजी पीठ मळताना म्हणायची.” पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली आणि म्हणाली, आजीच्या वेळची कसली, ही तर अमाराकडची, आमच्या दलदलीतल्या बायकांची. मग त्या दोघींचं जुंपलं. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मी चौतीस वर्षांची, आणि माझी दारमी माझ्यापेक्षा म्हातारी निघाली.

सात वर्षं घरात सगळे समजतात की विदाद मुहन्नदवर रागावली आहे, कारण त्याने गेममध्ये दारमीच्या खाली ‘विदाद कासिम’ असं लिहिलं, महिन्याभरात ते अर्ध्या बसऱ्याच्या फोनवर गेलं, आणि तिचं लग्न मोडलं. तूही तसंच समजतोस. म्हणून तर पळालास. काका दिवाणात, बैठकीला जमलेल्या सगळ्या पुरुषांसमोर, तुला म्हणाले होते, “बाईची दारमी ऐकू यावी, कुठून आली ते दिसू नये. तू तर घराचा नंबर टाकलास.” थामिरच्या बापाने त्याच दिवशी निरोप पाठवला. तू त्याच दिवशी नाव काढून टाकलंस, आणि आठवड्याच्या आत तुर्कस्तानची वाट धरलीस. मला भेटलाही नाहीस.

मी रागावले आहे हे खरं आहे. पण कशावर, ते तुला कुणी विचारलं नाही आणि मलाही नाही. मी त्या दिवशी आतल्या खोलीत होते. तुमची सगळ्यांची आरडाओरड ऐकत होते आणि उम्म नजाहच्या फोनवर माझं नाव पाहत होते. तू काय सुरेख अक्षर काढलं होतंस, विदादमधल्या वाव अक्षराच्या शेपटीला ती वेलांटी दिली होतीस. मला वाटलं, होऊ दे काय व्हायचं ते. थामिर गेला तर गेला. आणि मग पडद्यावरून ते नाहीसं झालं. लावताना तू मला विचारलं नव्हतंस, काढतानाही विचारलं नाहीस. लावलंस त्याची माफी तुला केव्हाच दिली आहे. काढलंस त्याची दिलेली नाही.

तेव्हा माझं काम एवढंच आहे. ते नाव परत लाव. तुला ते तिकडे बसून करता येतं, उम्म नजाहचा मुलगा म्हणाला, एका दिवसाचंही काम नाही. आणि लवकर कर.

लवकर का, ते लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. आईचे गुडघे ठणठणीत आहेत, मुहन्नद. सुई मला टोचतात. रक्तात बिघाड आहे. डॉक्टर काकांना बाजूला घेऊन बोलला आणि काका बाहेर येऊन म्हणाले, काही नाही, अशक्तपणा आहे, डाळिंब खा. मी डाळिंब खाते आहे.

तुझी बहीण


अबू अल-खसीब
रविवार, २४ मार्च

हन्नूदी,

हाजी काजिमची मुलगी एकदाच मिळते, म्हणून हे पत्र लिहून उम्म नजाहला देईन, ती फोटो काढून तुझ्याकडे पाठवेल. बोलून पाठवलं असतं, पण बोलताना दम लागतो. लिहिताना लागत नाही.

तुझा आवाज ऐकला. तिच्या फोनवर, आईला जवळ बसवून. तुझा आवाज जाड झाला आहे. तू रडलास तेव्हा आई म्हणाली, याला तिथे कुणी नीट खायला घालत नाही. तुझे कागद अजून झाले नाहीत, आत्ता तो देश सोडलास तर परत आत घेणार नाहीत, ते सगळं कळलं. मी तुला ये म्हटलं नव्हतं. येऊ नकोस. इथे आलास तर माझ्या उशाशी बसून रडशील, आणि तुला गप्प करण्यात माझा वेळ जाईल.

पण त्यातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. तू म्हणालास, “नाव मी नक्की लावेन, विदाद, वचन देतो. पण आत्ता नको. नंतर. नंतर तुला कुणी काही बोलू शकणार नाही.”

नंतर म्हणजे केव्हा, ते तुला उच्चारता आलं नाही.

शहाणा आहेस. मेलेल्या बाईला कोण बोलणार? मेले की मी भली होईन. काका दिवाणात सांगतील, आमची पोर होती, गुणी होती, दारमी रचायची. थामिर लग्नांतून ऊद वाजवतो, तो डोळे मिटून माझी दारमी गाईल आणि लोक त्याला चहा पाजतील. तुला माल्मोत वाटेल की मी बहिणीचं कर्ज फेडलं. तुम्हा सगळ्यांचं भलं होईल, फक्त मी तिथे नसेन. बैल गेला आणि झोपा केला, ते हेच. मला ते नाव मी जिवंत असताना हवं आहे. कुणाला ओरडायचं असेल तर त्याने माझ्या तोंडावर ओरडावं. मला अजून उलट उत्तर देता येतं.

तू घाबरतोस ते माझ्यासाठी, असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. पुन्हा एकदा काकांचा आवाज आपल्यामुळे चढला, हे तुला सोसणार नाही, म्हणून तू घाबरतोस. लहानपणी फुटलेल्या प्रत्येक काचेला तू आधी रडायचास आणि मार मी खायची. तेव्हाही मला मारापेक्षा तुझ्या रडण्याचा जास्त त्रास व्हायचा.

इकडची बातमी. रमजान अर्धा झाला. मी रोजे धरत नाही, आई माझ्या वाटचे धरते असं म्हणते आणि मग स्वतःच्या वाटचे कोण धरणार म्हणून हिशेब घालत बसते. काल इफ्तारनंतर आपला मोहल्ला आणि हमदानचा मोहल्ला समोरासमोर बसले होते, थेट आपल्या खिडकीखाली. मला उशा लावून बसवलं होतं. हमदानची रांग चांगली होती, दगडासारखे चेहरे. काका एकेकासमोरून चालत गेले. एका जाड्यासमोर थांबले, त्याची हनुवटी धरली आणि म्हणाले, “तू आज जेवताना मन लावून जेवला नाहीस. उघड.” अंगठी त्याच्याच मुठीत निघाली. दात वाजले नाहीत. सराव कामी आला.

मग परातीतून बकलावा फिरला, डफ वाजायला लागले, आणि काकांनी हात वर करून गायला सुरुवात केली. काय गायले असतील? माझ्या दाराशी गं नदी. सगळा रस्ता त्यांच्यामागून म्हणत होता. हमदानवालेसुद्धा, हरलेले असून. मी खिडकीत बसले होते, पडद्याआड, आणि माझ्या हाताची सुई निसटून चादरीवर रक्त येत होतं ते मला कळलंच नाही. आईने पाहिलं. तिला वाटलं मी दुखतंय म्हणून रडते.

इतकं सुख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं, हन्नूदी, आणि इतका संतापही.

एक नवी रचली आहे. तू गेम पुन्हा उघडशील तेव्हा ही टाक, अंगठी सापडत नाही आणि कप्तान हरतो त्या जागी:

मुठी उघडून पाहिल्या, कुणाच्यात नाही अंगठी;
ज्याला शोधत मी फिरले, त्याची मूठ माझ्या पाठी.

थामिरचा ऊद इथे लावू नकोस. इथे काहीच वाजवू नकोस. आणि दोन्हींच्या खाली नाव. आत्ता.

विदाद


अबू अल-खसीब
शुक्रवार, १९ एप्रिल

माझ्या हन्नूदी,

ईद झाली. आईने खजूर भरून क्लेचे भाजले, मी वासावरच समाधान मानलं. अक्षर वाकडं आहे त्याला हसू नकोस, पाट्या रंगवणाऱ्याचं घर आहे हे मला माहीत आहे.

तू नाव लावलंस. ईदच्या आदल्या दिवशी उम्म नजाह पायात एकच चप्पल घालून धावत आली आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. तीच वेलांटी, वावच्या शेपटीची. तू ती जपून ठेवली होतीस की नव्याने काढलीस? काढली असशील तर तुझा हात अजून गेला नाही. मी फोन छातीवर ठेवून पडून राहिले. उम्म नजाह म्हणाली, अगं बघ तरी, लोक काय काय लिहितायत. मी म्हटलं, बघते, आधी हे होऊ दे.

लोकांनी काय लिहिलं ते तूही वाचलं असशील. निम्म्यांनी लिहिलं, छान गेम, नवे चेहरे टाका. एकाने लिहिलं, दारमी जुनी आहे, चोरी करताना लाज वाटू द्या. एका दुसऱ्याने लिहिलं, हा कुणी पुरुष आहे, बायकांच्या नावाने लिहितो, बाईला इतकं साधत नाही. मी तीन दिवस वाट पाहिली की आता कुणी तरी येईल आणि ओरडेल. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. एक फार झोंबणारं होतं, काकांच्या दातांवरचं. कुणी आलं नाही.

चौथ्या दिवशी काका आले. हातात संत्री. खाटेपाशी बसले, स्वतः सोलायला लागले. बायकांचं काम ते कधी करत नाहीत, म्हणून मी समजले.

“कशी आहेस, पोरी?”

“मेलेली नाही, काका.”

“ते दिसतंय.” मग संत्र्याच्या शिरा काढू लागले. म्हणाले, “त्या फोनवर नाव आलंय म्हणतात.”

“माझं आहे.”

“विदाद कासिम. बसऱ्यात विदाद कासिम किती असतील? जाळं टाकलं तर मासे कमी आणि विदाद जास्त निघतील. मी दिवाणात सांगून टाकलं, ती कुणी दुसरी असेल. सगळ्यांना पटलं. तू काळजी करू नकोस.”

मी म्हटलं, “मी काळजी करत नाही. तुम्ही रमजानात जिंकल्यावर जी गायलात ती कुणाची?”

“ती जुनी आहे. माझी आई म्हणायची.”

“काका, माझ्याकडे बघा.”

त्यांनी पाहिलं. हन्नूदी, तुला तो त्यांचा चेहरा माहीत आहे, तूच काढला आहेस. पन्नास पन्नास माणसांच्या रांगेतून खोटा माणूस हुडकणारे डोळे. मी काहीच लपवलं नाही, चेहरा उघडा टाकला. त्यांनी वाचला. त्यांच्या हातातली फोड खाली पडली. कळलं त्यांना, एका क्षणात कळलं. मला वाटतं, आधीच माहीत होतं. सात वर्षं माझीच दारमी माझ्याच खिडकीखाली गाताना माहीत होतं.

मग त्यांनी माझ्या कपाळावरचा रुमाल नीट केला. खाली केस उरले नाहीत ना, तो सारखा सरकतो. म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. राहू दे.” कपाळाचं चुंबन घेतलं, आणि गेले. जाताना आईला सांगून गेले, हिला संत्र्याचा रस द्या.

ते ओरडले असते तर मी जिंकले असते. मी सगळी तयारी ओरडणाऱ्या माणसासाठी केली होती, माया करणाऱ्यासाठी नाही. तूही माया केलीस, म्हणालास नंतर. काकांनीही केली. तुम्ही सगळे माझ्यावर इतकी माया करता की मला कुठे सापडायलाच देत नाही. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. तू तुझं काम केलंस, उशिरा केलंस पण केलंस, आणि तुझ्या माफीतला उरलेला भागही आता देऊन टाकते. घे.

आता पुढचं ऐक. परवा कोपऱ्यावरच्या भिंतीला नवीन काळं कापड लागलं, अबू फलाहची बायको गेली. मला इस्पितळातून आणताना गाडी तिथे थांबली म्हणून मी पूर्ण वाचलं. अमुकची कन्या, तमुकची पत्नी, हाजी अमुक आणि अमुक यांची आई, अल्लाच्या दयेत विलीन झाली. खाली दीर, भाऊ, जावई, सगळ्यांची नावं, मोठ्या अक्षरात. तिचं नाव कुठेही नाही. कापड वाचून असं वाटतं की मेलं कुणीच नाही, फक्त नातेवाईक उरले आहेत. वीस वर्षं मी तिच्याकडून मासे घेतले. तिचं नाव शुक्रिया होतं.

माझं कापडही तसंच लागेल. हाजी कासिम यांची कन्या, हाजी मुतशर यांची पुतणी, मुहन्नद यांची बहीण. तुझं नाव येईल, बघ, तू माल्मोत असून. आणि ती विदाद कासिम कोण, ते कायमचं दुसरी कुणी होऊन बसेल.

तू इथे असतास तर माझं नाव असलेलं कापड तुझ्याकडूनच लिहून घेतलं असतं. गावातल्या दुसऱ्या कुठल्या रंगाऱ्याकडे जावं तर तो आधी काकांना विचारेल. म्हणून मीच करायला घेतलं. तुझे ब्रश कडक झाले होते, रॉकेलमध्ये भिजवले. रंग उम्म नजाहच्या मुलाने आणला, पिवळा, त्याला सांगितलं शाळेच्या फळ्यासाठी. कापड कुठून आणायचं हा प्रश्न होता. दुकानातून काळं कापड मागवलं की गल्लीभर विचारणार, कोण गेलं?

आई दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. मला वाटलं आता रडेल. आजवर माझ्यासमोर तिने आजाराचं नाव काढलेलं नाही. अजूनही सकाळी म्हणते, आज तोंडावर तेज आहे. ती आत गेली आणि तिचा जुना अबाया घेऊन आली, बाबा गेले तेव्हापासून घालते तो. कात्रीने शिवण उसवली. जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर तांब्या, उखळ, तिची कुराण ठेवायची लाकडी घोडी आणि एक वीट ठेवली. मला उतरवून मांडीपाशी बसवलं आणि माझ्या पाठीला स्वतःचा टेकू दिला.

मी लिहिलं. दोन दिवस लागले, मध्ये मध्ये पडावं लागायचं. सगळ्यात वर कुराणातली आयत. त्याखाली एकच ओळ, तुझ्यासारखी वेलांटी जमली नाही पण वाव ओळखता येतो. विदाद कासिम, दारमीकार. त्याखाली बाबांचं नाव, मग काकांचं, मग तुझं, लहान अक्षरात. तुम्ही रागावू नका, जागा कमी होती. सगळ्यात खाली ती नदीची दारमी.

आईला वाचता येत नाही. तिने विचारलं, “तुझं कुठलं?” मी तिचं बोट धरून ओल्या रंगाच्या जवळ नेलं.

मी म्हटलं, “लावशील ना? काका नको म्हणतील.”

“काय म्हणतील ते म्हणतील,” ती म्हणाली. “अबाया माझा आहे.”

खरंच लावेल का, मला माहीत नाही. त्या दिवशी ती कशी असेल, घरात किती पुरुष असतील, तिचं कोण ऐकेल, काहीच माहीत नाही. तुला एवढ्यासाठी लिहिते आहे की तू त्या दिवशी फोन उचल. आईचा फोन येईल. ती विचारेल, लावू का? तेव्हा तिला अंगठा दाखवू नकोस. तोंडाने हो म्हण, मोठ्याने म्हण, शेजारी काका असले तर त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

खाली कोपऱ्यात तारखेसाठी मी बोटभर जागा सोडली होती. आई तिथे हात ठेवून म्हणाली, “एवढीशी नको, मोठी ठेव. त्या दिवशी घाईघाईत लिहितील.”

मग तिनेच ओला फडका घेतला आणि बाजूचा रंग पुसून जागा वाढवून दिली.

विदाद कासिम